बॉनेटवरची टपालपेटी

बस. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे. या बाकावर बस. हार्लन गावात खिळे आणायला गेलाय, येईल एवढ्यात. तू कशाला आलास ते कळलं मला, शर्टावरच लिहिलंय तुझ्या. जुन्या गाड्या कंपनीतून आल्या तशा करून देणार. मग ती बघितलीसच म्हणा. खाली वाटेच्या तोंडाशी, रस्त्याला नाक लावून उभी आहे ती. हसलास ना? हस बाबा, सगळे हसतात. पण तिला पाना लावायच्या आधी तिची गोष्ट ऐक. अशी गोष्ट तुला दुसऱ्या कुठल्या गाडीची मिळायची नाही. आणि ऐकल्यावरसुद्धा तिच्या बॉनेटवरची ती पेटी उपटावीशी वाटली, तर पाना मी स्वतः आणून देतो.

तेव्हा हार्लन प्रुइट ऐन विशीतला. आमच्या बीन क्रीकला टोमॅटो डबाबंद करायचा कारखाना होता, तिथं कामाला. बाप लवकर गेलेला, घरी आई आयनेझ आणि तिच्या कोंबड्या. आणि ही गाडी. दोन दारं, आठ सिलिंडर, आणि नाक एवढं लांब की हार्लन चौकात पोचायच्या आधी गाडी चौक बघून परत आलेली असायची.

आता अशी गाडी हातात आली की शहाणा माणूस तेल बदलतो आणि गप बसतो. पण त्या काळात आमच्याकडं शहाणी माणसं नव्हती. प्रत्येक पोराला वाटायचं, कंपनीवाल्यांनी गाडी अर्धीच करून पाठवलीय, उरलेली आपण करायची. हार्लनला त्यात साथीदार मिळाला स्कीटर. स्कीटर म्हणजे डास. अंगानं तसाच होता, आणि एकदा चावला की सोडायचा नाही. त्याच्याकडं रिव्हेट मारायचं एक यंत्र होतं. ज्याच्या हातात ते यंत्र, त्याला जगात सगळीकडं भोकंच दिसतात.

पहिलं काम, गाडी मागून उचलली. एवढी उचलली की उभी असली तरी वाटायचं काहीतरी हुंगतेय. मग रंग. रंग व्हरांड्याच्या फळ्यांना लावायचा, हिरवा, आणि तो मारला रोलरनं. वारं सुटलेलं होतं, म्हणून उजव्या दारात अजून एक नाकतोडा आहे, बघ जाताना. सायलेन्सरच्या टोकांना कारखान्यातले टोमॅटोचे मोठे डबे ठोकले. स्टिअरिंगचं चाक काढून टाकलं आणि बैल बांधायची साखळी गोल वाकवून, वेल्डिंग करून बसवली. वळण घेतलं की एकेक कडी शर्टाची बाही धरायची.

वांडा फेसलर तेवढी या गाडीवर खूश होती. वांडा म्हणजे हार्लनचा जीव. पण गाडी मागून उचललेली, त्यामुळं वांडा सीटवर बसली की घसरत पुढं यायची आणि तिचे गुडघे डॅशबोर्डवर आपटायचे. ब्रेक दाबायची गरजच नाही, गाडी नुसती उभी असली तरी! मग एक दिवस हार्लननं आईच्या बाथरूममधला केसाळ गालिचा कापला, पिवळा, आणि डॅशबोर्डला चिकटवला. दिसायला कसा? गाडीनं मांजर गिळलंय आणि ते अर्धं बाहेर राहिलंय, असा. पण वांडाचे गुडघे वाचले.

अडचण वांडाची नव्हती. अडचण होती वांडाच्या बापाची.

ऑर्व्हल फेसलर आमच्या रूट तीनचा टपालवाला. आमच्याकडं गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडं, पण रस्त्याकडेच्या पेट्यांत टपाल टाकायचं म्हणजे उजव्या खिडकीतून हात बाहेर काढावा लागतो. म्हणून तो स्वतःच्या गाडीत उजव्या सीटवर बसून, डावा हात नि डावा पाय लांबवून गाडी चालवायचा. इतकी वर्षं, की देवळातसुद्धा तो बाकाच्या उजव्या टोकालाच बसायचा. एक पत्र कधी चुकीच्या पेटीत गेलं नाही. त्याचं प्रशस्तिपत्र फ्रेम करून जेवणाच्या टेबलासमोर लावलेलं, म्हणजे पाहुणा घास घेईल तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं यावं. आणि रंगवून, उचलून, डबे लावून गाड्यांची शोभा करणाऱ्या पोरांचा त्याला भारी तिटकारा.

"वांडा," तो पोरीला म्हणायचा, "कंपनीनं दिलेली गाडी ज्याला आहे तशी बरी वाटत नाही, त्याला तू तरी आहेस तशी बरी वाटशील का?"

त्यामुळं वांडानं गाडीचं नावच काढलं नव्हतं. हार्लन तिला कोपऱ्यावरून न्यायचा, कोपऱ्यावर सोडायचा. ऑर्व्हलला एवढंच ठाऊक, की आयनेझ प्रुइटचा पोरगा पोरीच्या मागं आहे, आणि देवळात नीट गातो.

त्या हिवाळ्यात बर्फ सारणाऱ्या ट्रकनं आयनेझची टपालपेटी खांबासकट आडवी केली. पत्र्याची मोठी पेटी. बाजूला लाल झेंडा, घरच्यांनी वर करून ठेवायचा आणि टपाल टाकलं की टपालवाल्यानं खाली पाडायचा; वर चिकटवलेली अक्षरं, 'प्रुइट', आणि नंबर 'एक्केचाळीस'. आयनेझ म्हणाली, "हार्लन, पेटी उभी कर."

"करतो, मॉम."

आमच्याकडचा कायदा साधा आहे. पेटी नाही, तर टपाल नाही. ऑर्व्हल तिचं टपाल गठ्ठा बांधून ठेवत गेला. ती रोज म्हणायची, "पेटी उभी कर." हा रोज म्हणायचा, "करतो." आणि एक दिवस पेटी शेडमध्ये स्कीटरच्या नजरेला पडली.

स्कीटरनं ती उचलली, गाडीच्या बॉनेटवर ठेवली, चार पावलं मागं गेला आणि टोपी काढली.

"हार्लन," तो म्हणाला, "इंजिनला हवा पाहिजे. रेसच्या गाड्यांना बॉनेटवर हवा घ्यायला असलंच तोंड असतं."

"ती आईची पेटी आहे रे."

"आईला नवी घेऊ. हिचं तोंड बघ! आणि वर नंबरपण आहे. रेसच्या गाडीला नंबर लागतोच की."

दुपारपर्यंत बॉनेटला परातीएवढं भोक पडलं, पेटीचा तळ कापला गेला आणि पेटी वर रिव्हेट झाली. खाली थेट कार्बोरेटर. हवेच्या फिल्टरचं झाकण वाटेत येत होतं, म्हणून स्कीटरनं फिल्टरच काढून ठेवला. "श्वास मोकळा झाला तिचा," म्हणाला. वरून परत हिरवा रंग मारला, तो फटीफटीत जाऊन वाळला आणि बॉनेट कायमचं चिकटून बसलं. अक्षरं नि नंबर झाकले नाहीत, झेंडाही ठेवला. चालताना पेटीचं झाकण उघडून बुटाच्या नाडीनं बांधायचं, उभी असताना बंद करायचं, म्हणजे आत खार शिरत नाही.

एप्रिलमधला शनिवार. संध्याकाळी फेसलरांकडं हार्लनला जेवायला बोलावलेलं, आणि त्याच वेळी तो वांडाच्या बापाला विचारणार होता. वांडानं बजावलेलं, "आईची पिकअप घेऊन ये. तुझी गाडी डॅडींच्या नजरेस पडली, तर आपलं लग्न या जन्मी विसर."

हार्लननं मान डोलावली. पण सकाळी म्हटलं, आपली गाडी चमकवून तर ठेवू. आवारात ती आणायची सोय नव्हती, तिच्या आवाजानं कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या होत्या. म्हणून घरी असली की ती वाटेच्या तोंडाशी उभी असायची, नाक रस्त्याकडं करून, नेमकी जिथं आईची पेटी पूर्वी होती तिथं. एरवी ऑर्व्हल यायच्या वेळी ती हार्लनबरोबर कारखान्यावर असायची, त्या शनिवारी मात्र त्यानं सुट्टी घेतलेली. त्यानं तिला पुसलं, झेंड्याला नवा लाल रंग दिला, वाळावा म्हणून झेंडा वर उभा ठेवला, पेटीचं झाकण लावलं आणि अंघोळीला गेला.

संध्याकाळी पिकअपला चावी दिली. पिकअप गप्प. बॅटरीच नाही! मग त्याला आठवलं, गेल्या आठवड्यात पिकअपची बॅटरी काढून आपण आपल्या गाडीत घातली. रिव्हेटचं यंत्र नसलं तरी माणसाला स्वतःच्या पायाखालचं भोक पाडता येतं, ते असं.

"मॉम, उशीर होतोय, मी माझीच नेतो. त्यांच्या घरापासून लांब लावीन."

"ने," आयनेझ म्हणाली. "आणि त्या ऑर्व्हलला विचार, माझं टपाल कधी देणार. माझी केंटकीची बहीण फज पाठवणार होती. चॉकलेटचा. ईस्टर होऊन गेला."

हार्लन पळत गाडीपाशी आला. झेंडा खाली पडलेला. रंगाच्या वजनानं पडला असेल, म्हणाला. झाकण उघडलं, नाडीनं बांधलं, आत बघायला वेळ कुणाला, आणि निघाला.

पहिला मैल ठीक गेला. रुळांवरून गाडी उडाली आणि इंजिनला ठसका लागला. मग खोकला. मग दमा. टोमॅटोच्या डब्यांतून काळा धूर निघायला लागला, आणि धुराला वास कसला? चॉकलेटचा! हार्लनला वाटलं, भुकेनं आपल्याला भास होतोय. फेसलरांचं घर दिसायला लागलं आणि गाडीनं शेवटचा आचका दिला, धडाड! बॉनेटवरच्या पेटीतून काहीतरी पेटलेलं फडफडत बाहेर उडालं आणि खड्ड्यात पडलं. हार्लनला वाटलं पाखरू असेल. "माफ कर गं," म्हणाला. बॉनेट उघडायला गेला तर ते रंगानं चिकटलेलं. मग तोंडावरची काजळी रुमालानं सगळीकडं सारखी पसरवली आणि उरलेलं अंतर पळत गेला.

दारात ऑर्व्हल उभा. वर-खाली बघितलं.

"चालत आलास?"

"शेवटचा तुकडा तेवढा, मिस्टर फेसलर."

"छान. हल्लीच्या पोरांना पाय असतात हे ठाऊकच नसतं. बस."

टेबलावर कुस्करलेले बटाटे, त्यांच्यावर कोंबडी आणि नूडल्स, वाफाळलेलं. वांडाची आई थेल्मा वाढत होती. ऑर्व्हलनं मान खाली घालून प्रार्थना म्हटली. पोरीबद्दल आभार, पावसाबद्दल आभार, आणि शेवटी, "आणि आज रूट तीनवर सगळ्या पेट्या जागच्या जागी होत्या, त्याबद्दल देवा, तुझे विशेष आभार. आमेन."

"सगळ्या?" हार्लन म्हणाला.

"सगळ्या. तुझ्या आईचीपण उभी राहिली की एकदाची." ऑर्व्हलनं रुमाल गळ्यात खोचला. "बाई डोक्यानं हुशार आहे हं. लोक नांगरावर पेटी लावतात, दुधाच्या कॅनवर लावतात. आमच्या डंकन म्हाताऱ्यानं तर साखळी वेल्डिंग करून सापासारखी उभी केलीय. पण भंगारातली गाडी रस्त्याला आणून तिच्यावर पेटी? असलं मी जन्मात बघितलं नव्हतं!"

हार्लनचा काटा तोंडात गेला तो तिथंच राहिला. वांडानं डोळे मिटले.

"भंगारातली," हार्लन कसाबसा म्हणाला.

"कुठून आणलं ते मढं? आणि रंग काय निवडलाय, थेल्मा! आपल्या गायीनं ओली मका खाल्ली होती ना, आठवतं?"

"ऑर्व्हल, जेवतोय आपण."

"पण विचार केलाय बाईनं. मागून उचलून ठेवलीय, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. मागं टोमॅटोचे डबे लावलेत, त्यात फुलं लावणार असेल ती उन्हाळ्यात. पेटीची उंची नियमाला धरून. फक्त जरा आत आहे, हात ताणावा लागतो. आईला सांग, एक वीतभर पुढं घ्या म्हणावं."

"सांगतो," हार्लन म्हणाला.

"आणि खोल! मी आत बघत नाही कधी. एकदा एका पेटीत साप निघाला, तेव्हापासून हात आत, टपाल आत, झाकण बंद, झेंडा खाली, की पुढची पेटी. पण एवढा हिवाळाभराचा गठ्ठा, वर मिठाईचं पार्सल, टाकलं ते धप्पकन कुठं गेलं कळलंच नाही. दणकट काम आहे."

आता हार्लनला ठसका, खोकला, दमा, चॉकलेट, पाखरू, सगळ्याचा उलगडा झाला. त्यानं काटा ताटात ठेवला. थेल्मा म्हणाली, "बाळा, नूडल्स आवडल्या नाहीत का?"

तेवढ्यात जाळीचं दार ढकलून फेसलरांचा कुत्रा ड्यूक आत आला. तोंडाला चॉकलेट, दातांत जळकं पुस्तक. बियाणांचा कॅटलॉग होता. आज्ञाधारक कुत्रं, टपाल आणायचं ते मालकाच्या पायाशी ठेवायचं, ठेवलं.

ऑर्व्हलनं ते उचललं. भोपळ्याचं चित्र अर्धं जळलेलं. पत्त्यावर बोट फिरवलं. मग कोपऱ्याला लोंबणारी सुतळी धरली.

"आयनेझ प्रुइट, पेटी एक्केचाळीस," तो हळूच म्हणाला. "आणि ही माझी गाठ. मी बांधलेली."

ऑर्व्हलनं वर बघितलं. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र तेवढं चमकत होतं.

"डॅडी," वांडा उठली. "चला. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

चौघं रस्त्यानं गेले, पुढं ड्यूक. गाडी तिथंच, ढुंगण वर करून, कानाकोपऱ्यातून धूर सोडत उभी. ऑर्व्हलनं तिला एक चक्कर मारली. डबे बघितले. नाकतोडा बघितला. मग पेटीसमोर येऊन थांबला, 'प्रुइट', 'एक्केचाळीस'.

"ही चालते?" त्यानं विचारलं.

"चालत होती," वांडा म्हणाली. "तुम्ही टपाल टाकेपर्यंत."

थेल्मानं घरून येताना लोण्याची सुरी हातातच आणली होती. तिनं बॉनेटच्या फटीतला रंग खरवडला, हार्लननं जोर लावला आणि बॉनेट कडकडत उघडलं. आत काय वर्णू! वीज बिलं काळी, देवळाची पत्रकं कुरकुरीत, आणि सगळ्यावर केंटकीचा फज वितळून कार्बोरेटरवर ओघळलेला. गाढवाला गुळाची चव नसते म्हणतात. या गाडीनं मात्र सगळा फज एकटीनं खाल्ला होता.

ऑर्व्हलनं टोपी काढली. लाल झाला, मग पांढरा झाला. मग त्यानं रस्त्याच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. कुणी येत नव्हतं.

हार्लन ते बघत होता. बाकी काही कळलं नाही तरी एवढं त्याला कळलं, की हा माणूस आता रागावलेला नाही. घाबरलेला आहे. इतक्या वर्षांत एक पत्र चुकलं नाही, आणि आता सरकारी टपाल जिवंत इंजिनात टाकलं. गावाला कळलं असतं तर लोक त्याला मरेपर्यंत विचारणार होते, 'ऑर्व्हल, आमचा ट्रॅक्टर उभा आहे, त्यात टपाल टाकतोस का?'

"नाव बरोबर होतं," ऑर्व्हल स्वतःशीच म्हणाला. "नंबर बरोबर. झेंडा वर होता. उंची बरोबर. पेटी असेल, तर मी चुकलो नाही." मग त्यानं हार्लनकडं बघितलं. आवाज एकदम बारीक. "गाडी असेल, तर चुकलो."

आता हे लक्षात घे तू. त्या गाडीसाठी हार्लननं दोन उन्हाळे घाम गाळला होता. साऱ्या तालुक्यात तिच्याइतका आवाज करणारी दुसरी नव्हती. ती त्याची शान होती रे! त्यानं तिच्याकडं एकदा बघितलं. मग वांडाकडं बघितलं.

"पेटीच आहे, मिस्टर फेसलर," तो म्हणाला. "गाडी नाहीच ती."

ऑर्व्हलनं मोठा श्वास सोडला. "सोमवारी अकराच्या सुमाराला जागेवर असेल?"

"असेल."

"मंगळवारी?"

"रोज असेल."

"एक वीतभर पुढं?"

"वीतभर पुढं. फक्त रविवारी…" हार्लननं तोंडावरची काजळी पुसली. "रविवारी वांडाला फिरायला न्यावं म्हणतो. तुमची हरकत नसेल तर. कायमचंच न्यावं म्हणतो."

ऑर्व्हल गाडीच्या दारापाशी गेला. खिडकीतून आत वाकला. "हा केसाळ गालिचा कशाला?"

"वांडाचे गुडघे आपटतात म्हणून."

"कुठून आणलास?"

"आईच्या बाथरूममधून कापला."

वांडा पुढं झाली. "डॅडी, कंपनीनं दिली तशी गाडी याला चालली असती. माझ्या गुडघ्यांना चालली नाही, म्हणून यानं बदलली. आता बोला." मुळात गाडी मागून उचलली कुणी, ते मात्र तिनं सांगितलं नाही.

ऑर्व्हलनं टोपी घातली. बॉनेट हळूच खाली केलं, पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर दोनदा थोपटलं.

"रविवारी टपाल नसतं," तो म्हणाला. "रविवारी पेटीनं कुठं जावं, त्यात पोस्टाचा काही संबंध नाही. चला आत, नूडल्स गार होतायत. आणि ही गोष्ट घरातल्या माणसांपलीकडं जाता कामा नये."

"नाही जाणार," थेल्मा म्हणाली. "म्हणून तर याला घरात घेतोय."

तेरी भी चूप, मेरी भी चूप. तसं ठरलं.

मग काय! तालुक्यातली सगळ्यांत दणदणीत गाडी सोमवार ते शनिवार आईची टपालपेटी म्हणून उभी राहायला लागली. हार्लन कारखान्यात सायकलवरून जायचा. पोरं हसायची. स्कीटरला तर रडूच आलं. "रेसचा घोडा टांग्याला जुंपलास," म्हणाला. आयनेझ मात्र खूश. टपाल येत होतं, कोंबड्या परत अंडी देत होत्या. बहिणीनं फोनवर विचारलं, फज कसा झाला होता? आयनेझ म्हणाली, "हार्लनच्या गाडीला फार आवडला." बहिणीला वाटलं, गाडी म्हणजे कुणा पोरीचं लाडाचं नाव असेल.

कार्बोरेटर धुवून काढला आणि त्याच्यावर एक केकचा ट्रे बसवला, टपाल थांबायला. रविवारी ट्रे काढायचा, वांडाला बसवायचं, आणि नदीपर्यंत गाडी सोडायची. लग्न धरलं कामगार दिनाला, आमच्याकडं तो सप्टेंबरात येतो. सोमवार, पण पोस्टाला सुट्टी, म्हणजे नवरा-नवरीला गाडी मोकळी. ऑर्व्हलनं स्वतः कॅलेंडर बघून दिवस काढला. सरकारी सुट्टीचं मोल त्या घराइतकं या देशात कुणाला कळलं नसेल.

आणि दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापायच्या आधी म्हातारा मान खाली घालून आभार मानायचा. पोरीबद्दल, जावयाबद्दल, पुढं नातवंडांबद्दल. मग जरा थांबून, "आणि पेटी एक्केचाळीसबद्दल." पाहुण्यांना कळायचं नाही. घरातल्यांचे डोळे पाणावायचे, हसून का रडून ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ऑर्व्हल निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, चांगला कामाचा बुधवार, तो चालत इथं आला. "हार्लन," म्हणाला, "आता माझ्यावर जबाबदारी नाही. काढ तिला. मला फिरव."

बसला तो अर्थात उजव्या सीटवर. बसला तसा घसरला आणि दोन्ही गुडघे गालिच्यात. खाली बघितलं, गालिच्यावरून हात फिरवला. "बरं केलंस पोरा," म्हणाला, "फार बरं केलंस."

ट्रे काढला, झाकण बांधलं, आणि आठ सिलिंडर पहिल्यांदाच बुधवारी ओरडले. रूट तीनवरून असे सुटले की वाऱ्यानं झेंडा टणकन उभा राहिला. समोरून नवी टपालवाली येत होती, लव्हर्न नावाची पोरगी, ऑर्व्हलनंच शिकवलेली. उजव्या सीटवर बसलेली, डावा पाय लांबवून. तिनं बघितलं: नाव 'प्रुइट', नंबर 'एक्केचाळीस', झेंडा वर. तिनं ब्रेक दाबला. हार्लननंही दाबला. ती उतरली, हात आत घातला, टपाल टाकलं, नाडी सोडून झाकण बंद केलं, झेंडा खाली पाडला, "गुड मॉर्निंग, मिस्टर फेसलर" म्हणाली आणि गेली. आत बघितलंसुद्धा नाही!

इंजिननं एक ठसका दिला आणि बंद पडलं. भर रस्त्यात दोघं धुरात बसलेले. ऑर्व्हलच्या तोंडावर जे समाधान होतं ना, ते त्या प्रशस्तिपत्राच्या दिवशीसुद्धा नव्हतं.

"बघितलंस?" तो म्हणाला. "अशी शिकवलीय मी तिला."

म्हातारा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली, म्हणून तर हार्लन मला ही गोष्ट सांगू देतो. थेल्माही गेली, आयनेझ गेली. पेटी आहे, गाडी आहे, रविवारी फिरायला वांडा आहे. तर आता तुझं तू ठरव, तिला कंपनीतून आली तशी करायचीय का. कंपनीतून आली तेव्हा तिच्यात यातलं काहीच नव्हतं.

उठलास? मग एवढं कर. जाता जाता गाडीपाशी थांब आणि झेंडा कसा आहे बघ. खाली असला, तर टपाल आलंय. ट्रेवरून उचल आणि वर वांडाला आणून दे. वर असला, तर टपाल अजून यायचंय, तसाच राहू दे. आणि झाकण नीट लाव बाबा, आत खार शिरते.